आत्याची इस्त्री

ऑफिसात त्या प्रोग्रामला पहिल्या दिवसापासून सगळे इस्त्री म्हणत, आणि नाव चपखल होतं. कोड लिहिणारी माणसं आपापल्या सवयीने लिहितात. कुणी कंस ओळीच्या शेवटी टाकतो, कुणी पुढच्या ओळीवर. कुणी शब्दाशब्दांत ऐसपैस फट सोडतो, कुणी सगळं गच्च बांधतो. काम सगळ्यांचं चालतं, पण दुसऱ्याचा कोड वाचायला बसलं की प्रत्येकाला एकच प्रश्न पडतो, या माणसाला घरी कुणी वळण लावलं नव्हतं का? इस्त्री हा तंटा मिटवायची. फाईल साठवली की ती आपोआप फिरायची आणि कुणाचाही चुरगळलेला कोड एकाच घडीचा करून ठेवायची. घडी कशी घालायची हे मात्र तिला एका सेटिंगच्या फाईलमध्ये लिहून द्यावं लागे. फाईल जेमतेम पानभर. पण त्या पानभर मजकुरावरून शहाणीसुरती माणसं जशी भांडतात, तसे सख्खे भाऊ जमिनीवरून भांडणार नाहीत.

ती फाईल लिहायचं काम आत्याकडे आलं.

आत्या तशी तिथे कुणाचीच आत्या नव्हती. तिचा एक भाचा शिकत असताना महिनाभर इथे उमेदवारीला आला होता आणि भर बैठकीत "आत्या, हे कसं करायचं गं?" असं विचारून बसला होता. भाचा गेला, नाव राहिलं. आता तिच्याहून वयाने मोठे हिशेबनीससुद्धा तिला आत्याच म्हणत. कंपनी लिफ्टचा मेंदू बनवायची. कुठल्या मजल्यावर थांबायचं, दार किती वेळ उघडं ठेवायचं, दोन मजल्यांवर एकदम बटण दाबलं तर आधी कुणाकडे जायचं, असलं सगळं. या मेंदूतला सगळ्यात जुना भाग, जिथे हात घालायला बाकीचे कचरत, तो आत्याने लिहिला होता आणि अजून तीच सांभाळत होती.

विभागप्रमुख तिच्याहून बराच लहान. त्याला पाठीमागे मुकादम म्हणत, कारण सकाळी आल्या आल्या तो टेबलांमधून एक फेरी मारून डोकी मोजायचा. माणूस वाईट नव्हता. कुणाची आई आजारी असली तर चार दिवसांनी आठवणीने विचारायचा. फक्त त्याला सगळं एका मापाचं लागे. आल्यावर त्याने पहिल्यांदा काय केलं असेल, तर चहाच्या खोलीतले सगळ्यांचे रंगीबेरंगी कप खोक्यात भरले आणि एकसारखे पांढरे आणले. आत्याने आपला पिवळाधमक कप त्या खोक्यातून उचलून टेबलावर आणून ठेवला होता. मुकादम तेव्हा हसला होता. त्याला वाटलं, बाईची हौस.

इस्त्रीच्या बैठकीत बाकी सगळं पटापट ठरलं. गाडी अडली ती ओळ आत सरकवण्यावर. कोडमध्ये एका गोष्टीच्या पोटात दुसरी असते, तिच्या पोटात तिसरी, आणि पोटातली ओळ थोडी आत सरकवून लिहायची रीत आहे. सरकवायच्या वाटा दोन. चार स्पेस मारायच्या, नाहीतर एक टॅब. चार स्पेस म्हणजे सगळ्यांच्या स्क्रीनवर तेवढीच मोकळी जागा. टॅब ही नुसती खूण. ती किती रुंद दिसावी हे ज्याने त्याने आपल्या स्क्रीनपुरतं ठरवावं. प्रोग्रामर मंडळी या एका गोष्टीवरून वर्षानुवर्षं हमरीतुमरीवर येतात, आणि दोन्ही बाजूंची कारणं ऐकली तर हसू येतं.

आत्याकडे मात्र खरं कारण होतं. ते तिला सांगायचं नव्हतं.

तिच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला होता. चष्म्याने भागेल असं दुखणं नव्हतं ते. जिथे रोखून बघावं नेमका तिथेच एक करडा डाग, आणि आजूबाजूचं सगळं लख्ख. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, कडा शाबूत राहतील, मधलं हळूहळू जाईल, किती आणि कधी ते विचारू नका. तेव्हापासून आत्या जगाकडे जरा तिरकं बघायला शिकली. माणसं चालीवरून आणि आवाजावरून ओळखायला लागली. स्क्रीनवरची अक्षरं तिने अंगठ्याएवढी केली आणि भिंतीला पाठ लागेल अशी कोपऱ्यातली जागा मागून घेतली, म्हणजे मागून कुणी डोकावू नये. एवढ्या मोठ्या अक्षरांत एका ओळीत वीस-पंचवीस अक्षरं मावत, बस्स. चार-पाच वेळा आत सरकलेली ओळ चार-चार स्पेसने सरकवली की स्क्रीनभर नुसतं पांढरं रान, आणि मजकूर उजवीकडून पसार. टॅब असली की ती आत्या आपल्या स्क्रीनवर अक्षराएवढी अरुंद करून ठेवी, आणि कोड पुन्हा नजरेच्या कवेत येई. जुना कोड सगळा टॅबवर होता, म्हणून इतके दिवस कुणाला पत्ता लागला नव्हता.

"स्पेस कुणाकुणाला हवी? हात वर करा," मुकादम म्हणाला.

आत्याला हातांचा एक झुबका दिसला. तिच्या शेजारी काडी बसली होती. काडी म्हणजे लिफ्ट तपासणारी मुलगी. एक तर अंगाने तशी, आणि चांगल्या चाललेल्या कामात काडी घालायची हाच तिचा पगारी धंदा. ती आत्याच्या कानाशी लागली. "आपण दोघीच उरलो. मला तर चार वेळा बटण दाबायचा कंटाळा येतो म्हणून. तुमचं काय?"

"आत्या, तुमचा टॅबचा आग्रह का?" मुकादमाने विचारलं.

"सवय."

"सवय हे कारण झालं का? टॅब घेतली की प्रत्येकाच्या स्क्रीनवर कोड वेगळा दिसणार. गोंधळ माजेल. सगळ्यांना सारखं दिसलं पाहिजे."

सगळ्यांना सारखं दिसलं पाहिजे. आत्याच्या जिभेवर एक तिखट उत्तर आलं होतं, ते तिने गिळलं. "बरं," म्हणाली, आणि आपलंच मरण आपल्या हाताने लिहायला घेऊन कोपऱ्यात गेली.

घरी नवरा भांडी घासत होता. तो पोहण्याचा प्रशिक्षक, ताडमाड उंच. ओटा आत्याच्या उंचीचा बांधलेला, त्यामुळे भांडी घासताना त्याला कमरेत वाकावं लागे, आणि तो रोज कुरकुरत वाके. आत्याने त्याला बैठकीचं सांगितलं. तो हातातली कढई धरून वळला.

"सांगून टाक ना एकदा. ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवणार?"

"सांगितलं की संपलं."

"काय संपलं? माणसंच आहेत ना ती? खाणार आहेत तुला?"

"दादांना खाल्लं का? नाही. जपलंच की त्यांना." आत्या स्टुलावर बसली. "किती गोड बोलले होते सगळे."

दादा म्हणजे तिच्या आधीपासून तिथे असलेले गृहस्थ. त्यांचा हात कापायला लागला, आणि त्यांनी सरळ मनाने ते ऑफिसात सांगितलं. सगळे हळहळले. मग त्यांच्या हातून कोड काढून घेतला, त्रास नको म्हणून. त्यांना खिडकीजवळची छान उजेडाची जागा दिली आणि मार्गदर्शक हे नाव दिलं. पहिले काही दिवस लोक त्यांना विचारायला जात. नंतर कुणी जाईना. दादा खिडकीतून खालची रहदारी बघत बसत. वर्ष सरायच्या आत हातात फुलांचा गुच्छ घेऊन ते घरी गेले. त्यांची बोटं कापत होती, डोकं कुठे कापत होतं? पण हे तेव्हा कुणी बोललं नाही. आत्याही बोलली नव्हती, आणि ते तिला अजून सलत होतं.

"मला ती खिडकी नको," ती म्हणाली. "मला माझं काम हवंय. मी भीक मागणार नाही, आणि माझे डोळे चव्हाट्यावर मांडून मेहेरबानीही घेणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि मूठ झाकून वाचणार कशी?"

"आहे माझ्याकडे तोड."

नवऱ्याने मान हलवली आणि पुन्हा वाकला. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात त्याला एवढं कळलं होतं, की ही बाई 'आहे माझ्याकडे तोड' म्हणाली की तिच्या वाटेतून बाजूला व्हायचं.

तोड होतीच, आणि नामी होती. मुकादमाने सांगितल्याप्रमाणे आत्याने सेटिंगच्या फाईलमध्ये चार स्पेस लिहिल्या. सगळ्या ऑफिसची इस्त्री त्या घडीने फिरू लागली, जुना कोडही एका दुपारी तसा झाला. पण आपल्या कॉम्प्युटरवर तिने एक उलटी इस्त्री बसवली. बाहेरून कोड आला की ही उलटी इस्त्री चार स्पेसची टॅब करायची. आत्या काम करायची, आणि कोड परत पाठवताना टॅबच्या पुन्हा चार स्पेस व्हायच्या. स्वतःच्या कॉम्प्युटरपुरती सेटिंगची फाईलही तिने निराळी ठेवली, टॅबची. आत एक, बाहेर एक. जगाला कळायचं कारण नव्हतं. त्या दिवसांत ती पिवळ्या कपातून चहा पिताना एकटीच गालात हसायची. सगळ्यांच्या नाकावर टिच्चून ती आपल्या मापाचं वाचत होती.

मग एक दिवस काडी धावत आली. एका रुग्णालयातल्या लिफ्टचं दार स्ट्रेचर अर्धं आत असताना बंद व्हायला बघत होतं. कुणाला लागलं नव्हतं, पण असल्या गोष्टीला उद्या म्हणायचं नसतं. आत्याने घाईघाईने जुना कोड उघडला, चूक शोधली, तीन ओळी बदलल्या. काडीने टेबलावरच्या नमुन्याच्या लिफ्टवर दहा वेळा दार अडवून बघितलं. दार शहाण्यासारखं मागे फिरलं. आत्याने कोड पाठवला आणि सुटकेचा श्वास टाकला.

घाईत तिने तो पाठवला होता दुसऱ्या वाटेने, जिथे तिची उलटी इस्त्री बसवलेलीच नव्हती. त्यामुळे तीन ओळींबरोबर कंपनीचा सगळा कोड टॅब होऊन गेला. जोडीला तिची स्वतःची, खाजगी, चोरून ठेवलेली सेटिंगची फाईलही गेली आणि सगळ्यांची फाईल होऊन बसली. नाकातल्या मोत्यासारखी सगळ्यांसमोर मिरवायला लागली म्हणा ना.

आता असं सहजासहजी होत नाही. कुणीही काही पाठवलं की दुसऱ्या कुणीतरी ते वाचून मंजूर करावं लागतं, मगच ते आत जातं. पण या धंद्यातली एक गंमत आहे. दहा ओळींचा बदल समोर आला की लोक त्यात पन्नास खुसपटं काढतात. आणि बदल इतका मोठा असला, की स्क्रीननेच 'फरक फार आहे, दाखवता येत नाही' म्हणून हात टेकावे, तर खाली लिहितात, 'छान आहे', आणि बटण दाबतात. त्या दिवशीही कुणीतरी 'छान आहे' लिहिलं आणि बटण दाबलं.

आणि काय झालं? काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर तो कोड आला. सगळ्यांच्या इस्त्र्या मुकाट टॅबने घड्या घालायला लागल्या. प्रत्येकाच्या स्क्रीनवर टॅब चार अक्षरं रुंद दिसत होती, कारण ती तशी दिसावी अशी मूळचीच सोय असते. कालच्यासारखंच सगळं. आठवडा गेला. लिफ्टा वर गेल्या, खाली आल्या. स्पेससाठी हिरिरीने हात वर करणारी सगळी मंडळी दिवसभर टॅबमध्ये लिहीत होती, टॅब वाचत होती, टॅबवर जेवत-झोपत होती, आणि एकाच्याही कपाळाला आठी नव्हती. आत्यालाही पत्ता नव्हता. तिला तर सदा टॅबच दिसायची.

वाचा फोडली काडीने. लिफ्टची घंटा मजला यायच्या आधी वाजत होती, आणि ती ओळ कुणी लिहिली ते तिला बघायचं होतं. कोडच्या प्रत्येक ओळीपुढे ती शेवटी कुणी बदलली त्याचं नाव दिसतं. घंटेच्या ओळीपुढे आत्याचं नाव. वरच्या ओळीपुढे आत्याचं. काडीने फाईलच बदलली. आत्या. दुसरी उघडली. आत्या, आत्या, आत्या.

"आत्या!" ती आपल्या जागेवरूनच ओरडली. "अभिनंदन! सगळी कंपनी तुम्ही एकटीने लिहिलीत!"

सगळे हसले. मग सगळ्यांनी आपापल्या स्क्रीनवर बघितलं, आणि हसू थोडं कमी झालं. आत्याने सेटिंगची फाईल उघडली, तिरकं बघत ती टॅबची ओळ वाचली, आणि तिच्या पायाखालची जमीन सरकली. चोरी सापडली होती, आणि चोरानेच गावभर दवंडी पिटली होती.

मुकादम आपल्या काचेच्या खोलीतून बाहेर आला. चालीवरून तो रागावलेला वाटत होता. आत्याला त्याचा चेहरा दिसत नव्हता, करड्या डागात होता.

"आत्या, हे काय आहे?"

सगळ्यांच्या खुर्च्या वळल्या. आत्या उभी राहिली. "चूक झाली. माझ्या कॉम्प्युटरवरची फाईल सगळ्यांना गेली."

"तुमच्या कॉम्प्युटरवर वेगळी फाईल होती? आपण बैठकीत ठरवल्यावर?"

"होती."

मुकादमाने श्वास घेतला. आवाज खाली आणला. "हे बघा, मला यातून काही मोठं करायचं नाही. चूक सगळ्यांकडून होते. आत्ताच्या आत्ता इस्त्री चार स्पेसवर करा, एकदा सगळ्या कोडवरून फिरवा, आणि विषय संपला. मी काही विचारणार नाही."

दार उघडं होतं. एक बटण दाबायचं, उलटी इस्त्री नीट बसवायची, आणि पुन्हा कोपऱ्यात चोरासारखं वाचायचं. आत्याने तिरकं बघितलं. खिडकीजवळची ती छान उजेडाची जागा तिला कडेने अगदी स्वच्छ दिसत होती. दादांची खुर्ची अजून तिथेच होती, वर कुणाचंतरी जाकीट टाकलेलं. आणि एकदम तिला कशाची चीड आली असेल, तर स्वतःची. आपण काय चोरलंय म्हणून लपवतोय? आपल्याच हातचा कोड, तो वाचायला आपल्याच घरात भिंतीतून भोक पाडायचं?

"नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"चूक माझी, ती कबूल. फिरवणार मात्र नाही."

कुणीतरी कुठेतरी पेन खाली ठेवलं, ते ऐकू आलं.

"आठवडाभर तुम्ही सगळे टॅबवर आहात," आत्या म्हणाली. "कुणाची मान अवघडली? कुणाचं काम अडलं? गोंधळ माजेल म्हणाला होतात, कुठे माजला? काडीला घंटेचा शोध लागला नसता तर वर्षभर कुणाला कळलं नसतं."

"प्रश्न तो नाही. प्रश्न ठरलेलं पाळायचा आहे. आणि तुमच्याकडे कारण तरी काय? सवय?"

"सवय नाही. ते मी खोटं बोलले." आत्या म्हणाली. "माझे डोळे चाललेत. मधलं दिसत नाही. आत्ता तुम्ही माझ्यासमोर उभे आहात आणि मला तुमचे कान दिसतायत, तोंड दिसत नाही. माझ्या स्क्रीनवर अंगठ्याएवढी अक्षरं आहेत. चार स्पेसने ओळ माझ्या स्क्रीनच्या बाहेर जाते. टॅबने जात नाही. तुम्हाला दोन्ही सारखंच, हे तुम्हीच आठवडाभर सिद्ध केलंत. मला सारखं नाही."

काडीने हात तोंडावर नेला. मुकादम एक पाऊल पुढे आला, आणि त्याचा आवाज इतका मऊ झाला की आत्याच्या अंगावर काटा आला. असला आवाज तिने दादांच्या वेळी ऐकला होता.

"अहो आत्या, आधी सांगायचं ना! एवढा त्रास काढलात एकट्याने. तुम्ही आता डोळ्यांना ताण द्यायलाच नको. आपण काहीतरी हलकं काम बघू. तुमचा अनुभव आहे, मुलांना मार्गदर्शन करा. ती खिडकीजवळची जागा रिकामीच आहे."

"हे बघा, म्हणूनच सांगितलं नव्हतं," आत्या म्हणाली. "मी म्हटलं मला टॅब द्या, तुम्ही मला खिडकी देताय."

"मी तुमच्या भल्यासाठी..."

"माझं भलं मला कळतं. दादांचं भलं केलंत, तेव्हा मी गप्प बसले होते. तेव्हा तुम्ही नव्हता, पण साहेबाची खुर्ची तीच आहे. मला हलकं काम नकोय. मला वाचता येईल असं काम हवंय. रुग्णालयातलं दार कुणी दुरुस्त केलं? डोळ्यांनी केलं असं वाटतं तुम्हाला?"

"आत्या, पण जबाबदारीचं काम आहे. उद्या तुम्हाला काही दिसलं नाही आणि तसंच पुढे गेलं तर?"

तेव्हा काडी उठली. तिचं बोट स्क्रीनवर होतं. "साहेब, एक विचारू? हा सगळा बदल आत गेला तेव्हा मंजुरी कुणी दिली होती?"

"कुणी?"

"तुम्हीच. खाली लिहिलंय, 'छान आहे'."

आत्याला चेहरे दिसत नव्हते, पण खोलीभर दाबून धरलेलं हसू तिला ऐकू आलं. तिला ते हसायचं नव्हतं. डोळे असून आंधळा कोण, हे कुणी मोठ्याने म्हणायची गरज उरली नव्हती. मुकादम पुढे होऊन काडीच्या स्क्रीनवर वाकला होता. माणूस खरंच वाईट नव्हता. दुसरा कुणी असता तर काडीवर धावून गेला असता.

"मी फाईल पुन्हा पाठवतेय," आत्या म्हणाली. "या वेळी चुकून नाही. तुमच्याकडेच येईल मंजुरीला."

ती कोपऱ्यात गेली. सेटिंगच्या फाईलमध्ये टॅबची ओळ होती तशीच ठेवली आणि तिच्या डोक्यावर टीप लिहायला घेतली. टीप कॉम्प्युटर वाचत नाही, ती माणसांसाठी असते. पुढे कितीही वर्षांनी कुणी ती ओळ बदलायला आलं, तर आधी टीप ओलांडून जावं लागतं. आत्याने एक शब्द लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. 'कृपया' असं आलं होतं, ते काढून टाकलं. मग पाठवून दिलं, पिवळा कप उचलला आणि चहा आणायला गेली. 

ती परत आली तेव्हा तिच्या टेबलाशी कुणीतरी उभं होतं. बुटांचा नेहमीचा चपळ आवाज नव्हता, तो नुसता उभा होता, म्हणून क्षणभर ओळखू आला नाही.

"मी तिकडून मंजूर करू शकलो असतो," मुकादम म्हणाला.

"न वाचता. हो."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर कारण लिहून नाही म्हणा. खाली जागा असते. पण आधी वाचा, आणि इथे बसून वाचा. टिपेतच तसं लिहिलंय."

मुकादम तिच्या खुर्चीत बसला. समोर अंगठ्याएवढी अक्षरं. त्याला आधी काही लागेचना. इतक्या जवळून एवढं मोठं अक्षर वाचायची त्याला सवय नव्हती, एका वेळी तीन-चार शब्द यायचे आणि ओळ संपायची. त्याने मान मागे घेतली, पुन्हा पुढे केली. आत्याने शेजारी वाकून कळ दाबून टॅबची रुंदी चार केली. जुन्या कोडची फाईल उघडली. स्क्रीन पांढरी झाली. उजव्या कडेला दोन-दोन अक्षरं लटकत होती.

"वाचा," ती म्हणाली.

तो बघत राहिला. मग आत्याने रुंदी एक केली. अक्षरं आत आली.

"वाचा आता."

त्याने वाचलं. हळूहळू, ओठ हलवत, पहिलीतल्या पोरासारखं. मग सेटिंगची फाईल पुन्हा समोर आणली आणि टीपही वाचली. या वेळी त्याने मोठ्याने वाचली, आणि टेबलांवरची सगळी माणसं थांबून ऐकत होती.

"'इथे टॅबच राहील. आमच्यातल्या एका बाईला स्पेसने वाचता येत नाही. टॅबने बाकी कुणाचं काही अडत नाही, सगळ्यांवर आठवडाभर ताडून पाहिलं आहे. ही ओळ बदलायची असेल तर आधी तिच्या खुर्चीत बसून वाचून दाखवा.'"

मुकादमाने बटणावर बाण नेला. तिथे काहीतरी लिहायची जागा होती. 'छान आहे' असं त्याच्या बोटांना सवयीने येऊ पाहत होतं. त्याने ते लिहिलं नाही. लिहिलं, 'वाचलं.' आणि बटण दाबलं. नंतरही तो तसाच बसून राहिला, दोन्ही हात मांडीवर, काहीतरी बोलायचं असल्यासारखा. कदाचित माफी असेल. कदाचित पुन्हा ती खिडकीच असेल.

आत्याने चहाचा कप टेबलावर ठेवला.

"झालं ना वाचून?" ती म्हणाली. "मग उठा आता. घंटा मजल्याच्या आधी वाजतेय, आणि ती माझी खुर्ची आहे."